मालमोटारचालकाचा कणा आणि योग्यतेचा दाखला : अमेरिकेतील संघीय वैद्यकीय नियमांच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल वाहून नेणाऱ्या जड मोटारीच्या चालकास केवळ वाहन हाकण्याचा परवाना पुरत नाही. त्यास शारीरिक योग्यतेचा वैद्यकीय दाखलाही मिळवावा लागतो. या दाखल्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि मध्यंतरी दुखापतीने वा आजाराने काम करण्याची शक्ती उणावली असेल तर ती मुदत संपण्यापूर्वीच फेरतपासणी करून घेणे चालकास भाग असते. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेला चालक याच तरतुदीत सापडतो. त्याची जखम भरून आलेली असते, शस्त्रवैद्याने त्यास कामावर जाण्याची मुभाही दिलेली असते. तथापि ज्याने त्याच्यावर कधी उपचार केले नाहीत अशा एका तिऱ्हाईत परीक्षकासमोर त्यास उभे राहावे लागते, आणि त्याची उपजीविका त्या परीक्षकाच्या सहीवर अवलंबून राहते.

हा परीक्षक निर्णय कशाच्या आधारे देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. डोळ्यांसाठी अक्षरांचा तक्ता आहे. कानासाठी पाच फुटांवरून कुजबुजलेला आवाज ऐकू येण्याची कसोटी आहे. रक्तदाबासाठी मार्गदर्शक आकडे आहेत. पाठीच्या कण्यासाठी मात्र असा एकही आकडा संघीय नियमांत नाही. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस थांबावे याचीही मुदत त्यांत घातलेली नाही. हा नियमकर्त्यांचा निष्काळजीपणा आहे, असा पहिल्या दर्शनी समज होणे स्वाभाविक आहे. परंतु नियमांचा आणि शल्यशास्त्राचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला असता निराळीच गोष्ट दिसून येते. कण्याला आकडा लावता आला नाही, कारण कण्याची रचना आणि माणसाची कार्यक्षमता यांचे नाते आकड्यात बसणारे नव्हते. या उणिवेतून चालकास एक सवलत मिळाली, आणि त्याच उणिवेतून त्याच्या वाट्यास एक अनिश्चितताही आली.

१. नियमनाचा आरंभ

वाहन हाकणाऱ्याच्या देहाची राज्यसंस्थेने वा मालकाने परीक्षा घ्यावी ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. तिचा उगम रेल्वेत झाला. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडींनी रंगांधत्व ओळखण्याची पद्धत प्रचारात आणली, आणि पुढे अनेक देशांतील रेल्वे कंपन्यांनी ती स्वीकारली. या परंपरेत इंद्रियांची परीक्षा अग्रभागी होती, व तसे होणे साहजिकही होते; तांबडा दिवा दिसला की नाही या प्रश्नाचे उत्तर होय वा नाही असे देता येते.

मोटारवाहतुकीच्या बाबतीत संघीय सत्तेचा प्रवेश १९३५ च्या मोटार वाहक अधिनियमाने झाला. त्यावर ९ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची सही झाली. रेल्वेचे नियमन करणाऱ्या आंतरराज्य व्यापार आयोगाकडेच या अधिनियमाने आंतरराज्य मोटारवाहतूक सोपविली, आणि नोकरांची पात्रता, त्यांच्या कामाचे तास व वाहतुकीची सुरक्षितता यांविषयी नियम करण्याचा अधिकार आयोगास दिला. हा अधिकार वाहतूक कंपन्यांच्या सर्वच नोकरांवर चालतो की ज्यांच्या कामाचा सुरक्षिततेशी संबंध आहे त्यांच्यापुरताच मर्यादित आहे, असा वाद लवकरच उद्भवला. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला. या निर्णयाचे महत्त्व कामाच्या तासांपुरते नाही. नोकराची शारीरिक योग्यता हा विषय आयोगाच्या कक्षेत येतो तो रस्त्यावरील सुरक्षिततेच्या नात्याने, नोकराच्या आरोग्याच्या वा कल्याणाच्या नात्याने नव्हे, ही भूमिका त्यातून दृढ झाली. पुढील सर्व वैद्यकीय नियमांवर या भूमिकेची छाया पडलेली आहे. ज्या कामाने चालकाची पाठ मोडते त्या कामाविषयी हे नियम फारसे बोलत नाहीत. मोडलेली पाठ घेऊन तो रस्त्यावर आला तर काय होईल, एवढेच ते विचारतात.

आयोगाच्या १९३७ मधील पहिल्या नियमांची भाषा अगदी सर्वसाधारण होती. चालकाची शारीरिक व मानसिक प्रकृती चांगली असावी, त्याची दृष्टी चांगली व श्रवणशक्ती पुरेशी असावी, तो मादक द्रव्यांच्या आहारी गेलेला नसावा व अतिमद्यपी नसावा, एवढेच त्यांत म्हटले होते. १९३९ मध्ये नियमांची पुनर्रचना झाली तेव्हा दृष्टीस प्रथम आकडे मिळाले : एका डोळ्याची दृष्टी निदान २०/४० व दुसऱ्याची निदान २०/१०० असावी असे ठरले. याप्रमाणे संघीय नियमांत मोजले गेलेले पहिले अंग म्हणजे डोळा होय. कणा ‘चांगली प्रकृती’ या ढोबळ शब्दांतच सामावून राहिला.

२. शस्त्रक्रियेने निर्माण केलेला नवा मनुष्य

नियमांची ही घडण चालू असतानाच शल्यशास्त्रात एक मोठे स्थित्यंतर घडत होते. मणके एकमेकांस जखडून टाकण्याची शस्त्रक्रिया १९११ पासून माहीत होती. न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी त्या वर्षी ती आपापल्या स्वतंत्र पद्धतींनी मांडली. तिचा मूळ हेतू कण्याच्या क्षयरोगात वाढते कुबड थोपविणे हा होता. कंबरेतून पायाकडे उतरणारी तीव्र कळ मात्र दीर्घकाळ संधिवात, मज्जातंतूचा दाह अशा निरनिराळ्या नावांखाली वावरत राहिली.

या कळेचे एक प्रमुख कारण बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विल्यम जेसन मिक्स्टर व जोसेफ सीटन बार यांनी १९३४ मध्ये प्रकाशात आणले. दोन मणक्यांमधील गादी फुटून तिचा भाग मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो, आणि तो भाग काढून टाकला असता रुग्णास आराम पडतो, असे त्यांनी १९ रुग्णांच्या आधारे दाखविले. तत्पूर्वी शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या अशा तुकड्यांना कूर्चेची गाठ समजण्याचा प्रघात होता. जुने नमुने पुन्हा तपासता त्यांपैकी पुष्कळ वस्तुतः गादीचेच तुकडे असल्याचे या दोघांना आढळून आले. हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर गादीची शस्त्रक्रिया अमेरिकेत झपाट्याने रूढ झाली.

ज्या वर्षांत आयोग चालकांचे नियम करीत होता त्याच वर्षांत हे घडले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याची पाठ कायमची गेली असा मनुष्य पूर्वी आपोआपच कामातून बाद होई. त्याच्याविषयी नियम करण्याची गरजच नव्हती. शस्त्रक्रियेने एक नवा मनुष्य निर्माण केला. तो पूर्वी अपंग होता, आता बरा आहे. परंतु त्याच्या कण्यातील एक गादी कमी झाली आहे, किंवा दोन मणके एकमेकांस जखडले गेले आहेत. त्यास रोगी म्हणावे की निरोगी, हे ‘चांगली प्रकृती’ या शब्दांवरून ठरविणे शक्य नव्हते.

पुढील दशकांत अशा मनुष्यांची संख्या वाढत गेली आणि शस्त्रक्रियेचे प्रकारही वाढले. मणके स्क्रूंनी व सळयांनी जखडण्याचे तंत्र पुढे आले. १९७० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्याने लहानशा छेदातून गादीचा तुकडा काढण्याची पद्धत सुरू झाली. यामुळे ‘पाठीची शस्त्रक्रिया’ हा एकच शब्द अगदी भिन्न अनुभवांस लागू होऊ लागला. एक रुग्ण थोड्याच आठवड्यांत चालता फिरता होई, तर दुसऱ्याचे हाड जुळून येण्यास कित्येक महिने लागत. सर्वांसाठी एकच मुदत ठरवू पाहणारा कोणताही नियम यांपैकी एकावर अन्याय करणारा ठरला असता.

३. काम आणि कणा

ज्या कामावर परतण्यासाठी हा दाखला हवा असतो त्या कामाचे स्वरूप येथे पाहिले पाहिजे. मालमोटार चालविणे म्हणजे केवळ बसून चाक फिरविणे नव्हे. उंच कक्षात हातापायांच्या जोरावर चढणे व उतरणे, मागील जोडगाडी जोडणे व सोडणे, मालावर ताडपत्री ओढून ती आवळणे, हिमाच्छादित घाटांत चाकांना वजनदार साखळ्या चढविणे, निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून तिची पाहणी करणे, आणि पुष्कळदा माल चढविणे व उतरविणे, ही सर्व कामे चालकाचीच असतात. २००० मध्ये तपासणीचा नमुना सुधारण्यात आला तेव्हा चालकाच्या या कामांचे वर्णन मुद्दाम त्यात घालण्यात आले. ज्या परीक्षकाने आयुष्यात कधी मालमोटारीत पाऊल ठेवले नाही त्यास आपण कोणत्या कामासाठी माणूस तपासतो आहोत हे कळावे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

खुद्द बसण्यातही धोका आहे. बसलेल्या मनुष्याचा कणा सेकंदास सुमारे ४ ते ६ कंपनांना विशेष प्रतिसाद देतो, आणि जड वाहनांच्या आसनाखाली उत्पन्न होणारी कंपने पुष्कळशी याच टप्प्याच्या आसपास असतात. संपूर्ण शरीरास बसणाऱ्या कंपनांच्या मोजमापाचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी जेनिफर केल्सी व रॉबर्ट हार्डी यांचा रोगपरिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा निबंध आला. कामाच्या वेळेपैकी निम्मा वा अधिक वेळ वाहन चालविण्यात घालविणाऱ्या पुरुषांमध्ये कंबरेच्या मणक्यांतील गादी सरकण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट, आणि मालमोटारचालकाचे काम केलेल्यांत तो जवळजवळ पाचपट आढळला.

या आकड्यांनी प्रश्नाची नैतिक बाजू पालटली. पाठीची शस्त्रक्रिया ही चालकाच्या खाजगी आयुष्यातील आपत्ती न राहता त्याच्या धंद्याचे फळ ठरू लागली. ज्या रस्त्याने त्याची पाठ खराब केली त्याच रस्त्यावर परतण्यास तो लायक आहे की नाही हे आता सुरक्षिततेच्या नावाने विचारले जाणार होते. आणि १९४० मध्ये दृढ झालेल्या भूमिकेमुळे पहिल्या गोष्टीची जबाबदारी या नियमांत कोणावरच पडत नव्हती. नुकसानभरपाईचे कायदे राज्याराज्यांचे निराळे होते. योग्यतेचा नियम तेवढा संघीय होता.

४. ‘अडथळा आणतो’ : १९७० च्या नियमाचे शब्द

संघीय परिवहन खाते १९६७ मध्ये कार्यास लागले आणि मोटारवाहकांच्या सुरक्षिततेचे काम आयोगाकडून त्या खात्याकडे गेले. या खात्याने एप्रिल १९७० मध्ये चालकांच्या पात्रतेचे नियम नव्याने प्रसिद्ध केले. आजच्या नियमांचा सांगाडा तोच आहे. शारीरिक योग्यतेच्या कलमात अवयव, मधुमेह, हृदय, श्वसन, रक्तदाब, स्नायू व सांधे, अपस्मार, मानसिक विकार, दृष्टी, श्रवण, औषधे व मद्य यांची पोटकलमे एकापुढे एक मांडलेली आहेत. कण्याचा समावेश सातव्या पोटकलमात होतो. तेथे ‘कणा’ हा शब्द नाही, ‘शस्त्रक्रिया’ हाही नाही. संधिवाताचे, अस्थींचे, स्नायूंचे, मज्जातंतू व स्नायू यांच्या संयोगाचे किंवा रक्तवाहिन्यांचे जे विकार वाहनाच्या सुरक्षित नियंत्रणात व चालनात अडथळा आणतात ते चालकास नसावेत, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या पोटकलमांची भाषा परस्परांशी ताडून पाहिली असता त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग निरपवाद निषेधाचा. अपस्माराचे निदान झालेला किंवा इन्शुलिन घ्यावे लागणारा चालक मूळ नियमानुसार सरसकट अपात्र होता. तो प्रत्यक्षात कसा गाडी चालवितो हे विचारण्याचे कारणच नव्हते. दुसरा वर्ग संभाव्यतेचा. श्वसनाचे विकार, रक्तदाब व मानसिक विकार यांच्या बाबतीत ते चालनात अडथळा आणण्याचा संभव आहे काय, असे विचारले आहे. तिसऱ्या वर्गात सातवे पोटकलम येते. येथे संभवाचा उल्लेख नाही. क्रियापद वर्तमानकाळी आहे. विकार ‘अडथळा आणतो’ काय, एवढाच प्रश्न आहे.

शब्दशः वाचले तर याचा अर्थ चालकास फार अनुकूल होतो. निदान काहीही असो, शस्त्रक्रिया कितीही मोठी झालेली असो, आज त्याच्या हातून गाडी सुरक्षितपणे चालत असेल तर तो पात्र आहे. भूतकाळातील जखम हा अपात्रतेचा आधार होऊ शकत नाही. परंतु नियमास जोडलेल्या वैद्यकीय सल्ल्याच्या निकषांनी भविष्यकाळ मागच्या दाराने पुन्हा आत आणला. विकाराचे स्वरूप व तीव्रता, हालचालींवरील मर्यादा, ती मर्यादा पुढे वाढत जाण्याचा संभव, आणि एकाएकी असमर्थता येण्याचा संभव या गोष्टी परीक्षकाने ध्यानात घ्याव्यात असे ते निकष सांगतात. काही विकारांत कळ वा अशक्तपणा अचानक उद्भवतो, तर काहींत स्नायू हळूहळू क्षीण होत जातात, हा भेदही त्यांत नमूद आहे. हे निकष मार्गदर्शनपर आहेत, बंधनकारक नव्हेत. तथापि ज्याची सही पणास लागलेली आहे तो परीक्षक मार्गदर्शनाकडे दुर्लक्ष करण्यास सहसा धजत नाही, हे कोणत्याही कचेरीच्या इतिहासावरून समजण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियेमुळे वा मूळच्या दाबामुळे पायास कायमचा कमकुवतपणा आला, उदाहरणार्थ उजवे पाऊल वर उचलता येईनासे झाले, तर प्रकरण अवयवांच्या पोटकलमात जाते. तेथे चालकास एक निश्चित वाट उपलब्ध आहे. प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवून तो कौशल्य मूल्यमापनाचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. म्हणजे ज्याचे पाऊल अधू आहे तो रस्त्यावरील परीक्षेने आपली पात्रता सिद्ध करू शकतो. ज्याचे पाऊल धड आहे पण पाठीविषयी शंका आहे त्यास मात्र खोलीतील तपासणीवरच विसंबावे लागते. हा विरोधाभास नियमांच्या स्तरीकरणातून उत्पन्न झाला आहे. कोणी तो हेतुपुरस्सर योजला असे दिसत नाही.

५. चित्र आणि कार्य

सातव्या पोटकलमास आकडा का मिळाला नाही, याचे उत्तर १९८० नंतरच्या वैद्यकीय संशोधनात सापडते. चुंबकीय अनुनादाच्या चित्रणाने कण्याच्या आतील भाग प्रथमच स्पष्ट दिसू लागला, तेव्हा आता निश्चित मोजमाप हाती येईल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींची चित्रे तपासण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या कण्यात निदान एका ठिकाणी गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांच्या कण्यात ती पुढे आलेली होती, आणि सर्व गाद्या निर्दोष असलेल्या व्यक्ती ३६ टक्केच भरल्या. कण्याच्या चित्रावरून माणूस अपात्र ठरवावयाचे झाले तर धडधाकट चालकांपैकीही बहुतेकांस घरी बसावे लागले असते.

शस्त्रक्रियेच्या फलिताविषयीही असेच घडले. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ पाहणीत, जेथे शस्त्रक्रिया करावी की न करावी याविषयी शंका होती अशा १२६ रुग्णांची चिठ्ठ्यांनी विभागणी केली होती. एक वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती स्पष्टपणे सरस होती. चार वर्षांनी तो फरक उणावला, आणि दहा वर्षांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखे अंतर उरले नव्हते. तात्पर्य, शस्त्रक्रिया झाली होती एवढ्यावरून त्या मनुष्याच्या पुढील क्षमतेविषयी चांगला वा वाईट असा कोणताच ठाम निष्कर्ष निघत नाही.

म्हणून परीक्षकाच्या हाती उरते ते कार्याचे अवलोकन. तपासणीच्या नमुन्यात चालकाने आपल्यावर झालेल्या शस्त्रक्रियांची आणि मान वा पाठ यांच्या दुखण्याची माहिती भरावयाची असते. शारीरिक तपासणीत कणा, सांधे, प्रतिक्षिप्त क्रिया व चाल यांच्या स्वतंत्र नोंदी होतात. चालक वाकतो कसा, वळतो कसा, टाचांवर व चवड्यांवर चालतो काय, पायात जोर आहे काय, हे परीक्षक पाहतो. शस्त्रवैद्याचे पत्र, त्यात काही निर्बंध घातले असल्यास ते, आणि औषधांची यादी तो मागवितो. त्यानंतर दोन वर्षांचा पूर्ण दाखला द्यावा, की एक वर्षाचा, सहा महिन्यांचा वा तीन महिन्यांचा देऊन पुन्हा बोलवावे, किंवा कागदपत्रे येईपर्यंत निर्णय ४५ दिवसांपर्यंत राखून ठेवावा, हे पर्याय त्याच्यापुढे असतात. अल्प मुदतीचा दाखला हा या पद्धतीतील विशेष उपयुक्त भाग म्हणावा लागेल. कारण ज्या प्रश्नाचे उत्तर आज देता येत नाही तो काळाकडे सोपविण्याची सोय त्यात आहे.

प्रत्यक्षात पुष्कळदा कणा आडवा येत नाही, औषध आड येते. वेदनाशमनासाठी अफूच्या वर्गातील औषधे देण्याचे प्रमाण अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात फार वाढले. नियमाच्या बाराव्या पोटकलमानुसार अशी सवय लावणारी औषधे सर्वसाधारणतः निषिद्ध आहेत. चालकाचा पूर्वेतिहास जाणणाऱ्या वैद्याने ती दिली असतील आणि त्यामुळे सुरक्षित चालनास बाध येणार नाही असे सांगितले असेल तर अपवाद करता येतो. परंतु अंतिम निर्णय परीक्षकाचाच असतो. १ जानेवारी २०१८ पासून वाहतूक खात्याच्या मादक द्रव्यांच्या चाचणीत ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आदी औषधांचाही समावेश झाला. त्यामुळे चालकापुढे एक कठीण निवड उभी राहते. गोळी घेतली तर दाखला धोक्यात येतो. न घेतली तर वेदनेमुळे वाकणे जड जाते, आणि त्या वाकण्याचीच परीक्षा व्हावयाची असते. काही चालक नमुन्यातील ‘शस्त्रक्रिया’ हा रकाना कोराच ठेवण्याच्या मोहात का पडत असतील, हे यावरून कळते. परंतु त्या नमुन्यावर माहिती खरी असल्याची सही असते, आणि खोटी माहिती उघडकीस आल्यास दाखलाच रद्दबातल होऊ शकतो.

६. मालक, न्यायालय आणि परीक्षक

संघीय नियम हे किमान मर्यादा घालतात. मालकास त्याहून कडक अट घालण्याची मोकळीक आहे. त्यामुळे दाखला मिळाला तरी नोकरी मिळतेच असे नाही. एखादी कंपनी वजन उचलण्याची स्वतंत्र चाचणी घेऊ शकते. चालकाचा वैद्य व कंपनीचा वैद्य यांच्या मतांत विरोध असेल तर उभयतांस मान्य अशा तिसऱ्या, त्या विषयातील निःपक्षपाती तज्ज्ञाचे मत घेऊन खात्याकडे दाद मागण्याची तरतूद नियमांत आहे. तथापि त्या मार्गाने जाणाऱ्यास विलंब सोसण्याची ताकद असावी लागते, आणि ज्याची मिळकत बंद पडलेली आहे त्याच्याजवळ नेमकी तीच नसते.

१९९० च्या अपंग नागरिकांविषयीच्या अधिनियमाने हा तोल चालकाच्या बाजूस झुकेल अशी आशा उत्पन्न झाली होती. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निर्णयांनी ती बरीचशी मावळली. पहिल्या प्रकरणात एका डोळ्याने अधू असलेल्या मालमोटारचालकाचा प्रश्न होता. संघीय खात्याने प्रायोगिक सवलत दिलेली असली तरी मूळच्या दृष्टिमानकावर बोट ठेवून मालक त्यास नाकारू शकतो, असे न्यायालयाने ठरविले. दुसऱ्यात रक्तदाबामुळे दाखल्यास अपात्र ठरलेल्या एका यंत्रकारागिराचा प्रश्न होता. औषधाने त्याचा विकार आटोक्यात राहतो म्हणून तो अधिनियमाच्या अर्थाने अपंगच नव्हे, असा निकाल झाला. मालकाच्या दृष्टीने तो कामास नालायक आणि कायद्याच्या दृष्टीने संरक्षण मिळण्याइतका अपंग नाही, अशी ही विलक्षण मधली अवस्था होती. दोन्ही प्रकरणे पाठीची नव्हती. परंतु शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी बरे झालेल्या चालकाची अवस्था तत्त्वतः हीच होती. २००८ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन अपंगत्वाची व्याख्या व्यापक करण्यात आली, व उपचाराने होणारी सुधारणा हिशेबात धरू नये असे सामान्यतः ठरले.

परीक्षक कोण असावा याविषयीही मोठा बदल झाला. पूर्वी ही तपासणी केवळ वैद्यकशास्त्राच्या पदवीधरांकडे होती. १९९२ मध्ये, राज्याच्या कायद्याने ज्यांस शारीरिक तपासणीचा अधिकार आहे अशा इतर व्यावसायिकांनाही ती खुली झाली. त्यांत हातांनी कणा हाताळून उपचार करणारे कायरोप्रॅक्टर व वरिष्ठ परिचारिका यांचा समावेश होता. मोटारवाहक सुरक्षेचे स्वतंत्र प्रशासन २००० मध्ये अस्तित्वात आले. त्याने २०१२ मध्ये परीक्षकांच्या राष्ट्रीय नोंदणीचा नियम केला, आणि २१ मे २०१४ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, नोंदणीकृत परीक्षकाचाच दाखला ग्राह्य धरला जाऊ लागला. प्रमाण ठरविता येत नाही तेथे प्रमाण ठरविणारा मनुष्य तरी पारखून घ्यावा, असा या बदलाचा अर्थ लावता येईल.

७. उपसंहार

या इतिहासाचा शेवट काहीसा अनपेक्षित आहे. ज्या पोटकलमांत निषेध निरपवाद होता वा आकडा काटेकोर होता, तेथेच अलीकडे शिथिलता आली. इन्शुलिन घेणाऱ्या चालकांवरील सरसकट बंदी २०१८ च्या नियमाने उठविण्यात आली व प्रत्येकाची स्वतंत्र पारख सुरू झाली. एका डोळ्याने मानक गाठू न शकणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये पर्यायी मानक आले. म्हणजे १९३९ मध्ये ज्या इंद्रियास प्रथम आकडा मिळाला होता तेही वैयक्तिक मूल्यमापनाच्या कक्षेत आले. कणा मात्र १९७० पासून त्याच कक्षेत होता. इतर विकार आज जेथे येऊन पोहोचले आहेत तेथे तो आकड्याच्या अभावामुळे आधीच उभा होता.

यावरून कण्याच्या बाबतीत नियम आदर्श आहे असे मात्र म्हणता येत नाही. वैयक्तिक मूल्यमापनाची किंमत चालकास द्यावी लागते. शस्त्रवैद्याचे पत्र त्याने मिळवावयाचे, औषधे बंद झाल्याचा वा निरुपद्रवी असल्याचा पुरावा त्याने आणावयाचा, तीन महिन्यांनी पुन्हा शुल्क भरून त्याने यावयाचे, आणि एका परीक्षकाने जे नाकारले ते दुसरा देईल काय या शंकेत त्याने दिवस काढावयाचे. दुसऱ्या बाजूस रस्त्यावरून जाणाऱ्या इतरांचा हक्कही लहान नाही. चाळीस टनांच्या आसपास वजन असलेले वाहन थांबविण्याच्या क्षणी चालकाच्या पायात जोर असलाच पाहिजे, ही अपेक्षा कोणासही अवास्तव म्हणता येणार नाही.

‘अडथळा आणतो’ या क्रियापदाने या दोन हक्कांच्या मध्ये जी जागा मोकळी ठेवली तीत शस्त्रवैद्य, परीक्षक, मालक व न्यायालय हे सर्व आपापल्या परीने आलेले आहेत. १९४० च्या निर्णयाने ज्या प्रश्नास बाहेर ठेवले तो मात्र अद्याप बाहेरच आहे. चालकाची पाठ आज काम करण्यास समर्थ आहे काय, हे दर दोन वर्षांनी विचारले जाते. ती असमर्थ कशामुळे झाली, हे विचारणारा रकाना योग्यतेच्या निर्णयात कोठेच नाही. केल्सी व हार्डी यांच्या निबंधास आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. या विषयाचा पुढील अभ्यास व्हावयाचा असेल तर तो दाखल्याच्या इतिहासाबरोबरच आसनाच्या, कंपनांच्या आणि कामाच्या तासांच्या इतिहासाचाही झाला पाहिजे.